निकॉन एफ१०० ची ‘फोटो सेक्रेटरी’ सीडी, केबल आणि बाकीचे बंद झालेले सामान: काय शोधावे, काय सोडून द्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांकडून निकॉन एफ१०० हा फिल्म कॅमेरा मिळाला, मुक्काम इंदूर, घरी विंडोज ११ चा लॅपटॉप. कॅमेरा संगणकाला जोडून प्रत्येक फ्रेमचा शटर-ॲपर्चर वाचणारे ‘फोटो सेक्रेटरी’ हे निकॉनचे जुने सॉफ्टवेअर आणि त्याची केबल हवी आहे. काकांनी आधी काढलेल्या रोलांची माहितीही त्यातून काढायची आहे. शिवाय बॅटरीचा होल्डर तुटला आहे, मागचे दार चिकट झाले आहे आणि एक रिमोट हवा आहे. गावातल्या दोन दुकानांत ‘भिया, ये तो अब नी आता’ एवढेच उत्तर मिळाले.

दुकानदार खोटे बोलला नाही. एफ१०० १९९९ मध्ये बाजारात आला आणि जानेवारी २००६ मध्ये निकॉनने एफ६ आणि एफएम१० सोडून बाकीचे फिल्म कॅमेरे थांबवत असल्याचे जाहीर केले. म्हणजे तुम्ही विचारता त्यातले बरेचसे सामान दुकानाच्या फळीवरून उतरून वीस वर्षे होत आली. तरी सगळे सारखेच दुर्मीळ नाही. काही गोष्टी आजही शेकड्यांनी पडून आहेत, काहींना पर्याय आहे, आणि एकच गोष्ट खरोखर अडवते: केबल. सीडीच्या मागे लागून लोक महिना घालवतात आणि केबलचा विचार शेवटी करतात. क्रम उलटा हवा.

त्याआधी काकांच्या रोलांविषयी. ती माहिती बहुधा मिळणार नाही. फ्रेमगणिक नोंद ठेवण्याची सोय एफ१०० च्या आत आहे, पण ती आपणहून चालू नसते. बाहेरून सॉफ्टवेअर जोडून एकदा चालू करावी लागते. काकांनी त्या काळी केबल घेतली असेल तरच आत काही असण्याची शक्यता, आणि घेतली असेल तर ती घरातच कुठेतरी असेल. म्हणून पहिला शोध बाजारात नको, माळ्यावर घ्या: जुन्या कॅमेरा बॅगेचे तळाचे कप्पे, संगणकाच्या केबलींचा डबा, प्रिंटरचे खोके. काकांना सरळ विचाराही, की हा कॅमेरा कधी कॉम्प्युटरला लावला होता का. उत्तर ‘नाही’ असेल तर जुन्या रोलांचा विषय तिथेच संपला. आणि नोंद चालू असती तरी तारीख-वेळ मिळाली नसती, कारण एफ१०० च्या मूळ बॉडीत घड्याळच नाही.

आता सॉफ्टवेअर मुळात कशासाठी हवे, ते ठरवा. बऱ्याच जणांचा समज असतो की कस्टम सेटिंग बदलायला फोटो सेक्रेटरी लागते. लागत नाही. एफ१०० ची २२ कस्टम सेटिंगे बॉडीवरूनच बदलतात: सीएसएम बटण दाबून ठेवायचे, मागच्या मुख्य चकतीने क्रमांक निवडायचा, पुढच्या चकतीने पर्याय. उदाहरणार्थ क्रमांक ४ ला १ केले की शटरचे बटण अर्धे दाबल्यावर फोकस होत नाही, फक्त मागच्या एएफ-ऑन बटणाने होतो. ज्याला हे असले बदल करायचे आहेत त्याने सॉफ्टवेअरचा नाद सोडावा आणि माहितीपुस्तिका छापून घ्यावी. सॉफ्टवेअरची खरी कमाई म्हणजे फ्रेमनिहाय नोंद. तुम्ही महिन्याला एखादा रोल काढणार असाल तर वहीत ३६ ओळी लिहिणे पुष्कळ स्वस्त पडते. महिन्याला आठ-दहा रोल काढणार असाल, किंवा जुन्या यंत्रांशी खटपट करण्याची हौसच असेल, तर पुढे वाचा.

केबलपासून सुरुवात करू. एफ१०० च्या पुढच्या अंगाला टोपीखाली गोल, दहा पिनांचा सॉकेट आहे. संगणकाच्या बाजूला त्या काळचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट. या दोघांना जोडणारी विंडोजसाठीची निकॉनची केबल म्हणजे एमसी-३३. सीडीच्या खोक्यावर एफ१०० साठी एसी-२डब्ल्यूई असा क्रमांक असतो; एसी-१डब्ल्यूई हा एफ५ चा. शोधताना ‘निकॉन केबल’ असे लिहून काही हाती लागत नाही, हे क्रमांकच लिहा, आणि मधली आडवी रेघ घालून व न घालून दोन्ही प्रकारे लिहा. विकणाऱ्याला बहुतेकदा आपण काय विकतोय ते ठाऊक नसते, तो प्लगवर छापलेले तेवढे उतरवतो.

इथे फसायला पुष्कळ वाव आहे. एमसी-३४ दिसायला भावंडच, पण ती जुन्या मॅकच्या गोल पोर्टची. एमसी-३१ ही एफ९० मालिकेच्या काळातली. सगळ्यात मोठा सापळा एमसी-३५ चा: एका टोकाला तोच दहा पिनांचा स्क्रूवाला प्लग, दुसऱ्या टोकाला तोच नऊ पिनांचा कनेक्टर, फोटोत बघितले तर हुबेहूब. ती मात्र डिजिटल बॉडीला जीपीएस जोडण्याची तार आहे, तुमच्या कामाची नाही. आणि कोणी एमव्ही-१ हा डेटा रीडर ‘निकॉन फिल्म कॅमेऱ्यासाठी’ म्हणून विकायला काढला असेल तर तो फक्त एफ६ चा. एफ६ मध्ये घड्याळही आहे आणि एमव्ही-१ सगळी नोंद कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर साध्या मजकुराच्या फायलीत उतरवतो, म्हणून हेवा वाटावा अशीच सोय आहे. पण एफ१०० ला ती लागू नाही.

विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: दहा पिनांच्या प्लगचे समोरून तोंड, त्याच प्लगची छापील क्रमांकाची बाजू, आणि नऊ पिनांचा कनेक्टर. समोरच्या फोटोत वाकलेली किंवा आत गेलेली पिन दिसते. पिनांवर हिरवट थर असेल तर घाबरू नका. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात कपाटात पडलेल्या तारेलाही तो येतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो निघतो. वाकलेली पिन मात्र सरळ करताना मोडते. वेष्टण चिकट झालेले चालते, तडकलेले चालत नाही.

सीडीचे त्यामानाने सोपे आहे. सुटी सीडी, खोक्यासकट सीडी, किंवा कोणीतरी जपून ठेवलेली तिची प्रत यांपैकी काहीही चालेल. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या सीडींच्या प्रती लोकांनी चढवलेल्या असतात. तिथेही नावापेक्षा क्रमांकाने शोधा. कंपनीच्या जुन्या पानांच्या साठवलेल्या प्रती त्याच आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या साठ्यात) दिसतात, पण पान जपलेले असते आणि त्यावरची डाउनलोड फाइल नसते, असे वारंवार होते. तेव्हा पान दिसले म्हणून हुरळू नका. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाइल रोजच्या लॅपटॉपवर उघडू नका. मूळ सीडी मिळाली तर पहिल्याच दिवशी तिची आयएसओ प्रत (अख्खी सीडी एका फायलीत) करून ठेवा.

आता लॅपटॉप. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे येते, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम अजिबात चालत नाहीत. विंडोज ९५-९८ च्या काळात अनेकदा मूळ प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असायचा. त्यामुळे सीडी टाकली, सेटअपवर क्लिक केले आणि ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असे आले, तर सीडी खराब आहे असे समजू नका. सीडी शाबूत आहे, विंडोजला तिची भाषा येत नाही. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ ने हा अडथळा जात नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, जुना डेस्कटॉप. २००५ ते २०१२ च्या दरम्यानच्या ऑफिसांतल्या डेस्कटॉपांना मागे खरा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असे, आणि असे जुने संच सेकंडहँड बाजारात अजून सुटतात. त्यावर ३२ बिटचे विंडोज एक्सपी असेल तर सोने. त्याला इंटरनेट मात्र लावू नका, एक्सपीचे सुरक्षा-अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले. फायली पेनड्राइव्हने न्या-आणा. डेस्कावर जागा असेल तर ही वाट सगळ्यात कमी कटकटीची.

दुसरी वाट म्हणजे तुमच्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) टाकून त्यात एक्सपी चालवणे आणि यूएसबीतून सिरियल पोर्ट तयार करणे. विंडोज ९८ ऐवजी एक्सपीच घ्या. ९८ ला व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसवताना जो वेळ जातो तो वाया जातो. व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये ‘सिरियल पोर्ट्स’ खाली पोर्ट १ चालू करा, क्रमांक कॉम१ (विंडोज सिरियल पोर्टांना कॉम१, कॉम२ अशी नावे देते), मोड ‘होस्ट डिव्हाइस’, आणि पाथच्या जागी तुमच्या विंडोज ११ ने यूएसबी ॲडाप्टरला दिलेला कॉम क्रमांक. मग आतल्या एक्सपीला ते साधे कॉम१ दिसते आणि जुने सॉफ्टवेअर खूश राहते.

ॲडाप्टर निवडताना कंजूषी महागात पडते. इंदूरच्या जेल रोडवर यूएसबी-टू-सिरियल म्हणून जे मिळते त्यात बहुधा सीएच३४०, प्रोलिफिक पीएल२३०३ किंवा एफटीडीआय यांपैकी एक चिप असते. प्रोलिफिकच्या जुन्या आणि नकली चिपांना कंपनीचा नवा ड्रायव्हर ओळखून नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह येते आणि ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ असे लिहून येते. ते दिसले की ॲडाप्टर परत करा, ड्रायव्हरशी झगडू नका. एफटीडीआयची चिप असलेला घ्या, आणि बदलून देईल अशा दुकानातून घ्या, कारण तिच्याही नकला आहेत.

ॲडाप्टर आणला की कॅमेरा जवळही आणण्यापूर्वी दोन चाचण्या. पहिली: नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन २ आणि पिन ३ एका छोट्या तारेने एकमेकींना जोडा. पुटी नावाचा मोफत प्रोग्राम उघडा, प्रकार ‘सिरियल’, तुमचा कॉम क्रमांक, फ्लो कंट्रोल ‘नन’. कळफलकावर काहीही टाइप करा. तीच अक्षरे पडद्यावर उमटली तर जाणे-येणे दोन्ही ठीक. तार काढल्यावर उमटणे थांबले पाहिजे; थांबले नाही तर पुटीचा लोकल इको चालू आहे आणि चाचणीला अर्थ नाही. दुसरी: मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी तार पिन ५ ला आणि लाल पिन ३ ला लावा. पोर्ट उघडा पण स्वस्थ असताना ऋण आकडा दिसायला हवा, साधारण उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान. शून्य किंवा अधिक ५ दिसले तर तो नावाचाच सिरियल आहे. दोन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात, पण त्या झाल्या की पुढे काही अडले तर दोष ॲडाप्टरचा नाही एवढे तरी पक्के राहते. नाहीतर कॅमेरा, केबल, ॲडाप्टर, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर असे पाच संशयित आणि साक्षीदार एकही नाही.

क्रमांकाचीही एक गंमत आहे. त्या काळची सॉफ्टवेअरे बहुधा कॉम१ ते कॉम४ एवढेच ओळखतात आणि विंडोज मात्र यूएसबी ॲडाप्टरला बेधडक कॉम७ किंवा कॉम११ देऊन टाकते. व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर फरक पडत नाही. थेट वापरत असाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन क्रमांक खाली आणा. एफटीडीआय असेल तर त्याच खिडकीत ‘लेटन्सी टायमर’ १६ मिलिसेकंदांवर असतो, तो २ करा. जुनी सॉफ्टवेअरे उत्तराची वाट फार थोडा वेळ बघतात.

जोडणी करताना कॅमेरा बंद. टोपी काढा, प्लगवरची खाच सॉकेटशी जुळवा, हलक्या हाताने आत सरकवा आणि मगच बाहेरचे कडे फिरवून आवळा. कडे फिरवून प्लग आत ओढायचा नाही; पिना त्याच चुकीने वाकतात. बॅटऱ्या नव्या हव्यात. मग कॅमेरा चालू करून शटरचे बटण अर्धे दाबा, म्हणजे मीटर जागा होतो, आणि मग सॉफ्टवेअरला जोडायला सांगा. ‘कॅमेरा सापडत नाही’ असे आले तर आधी पुन्हा अर्धे बटण दाबून बघा, नंतर बॅटऱ्या, नंतर कॉम क्रमांक, आणि केबलवर संशय सर्वांत शेवटी. एकदा जोडणी झाली की नोंद चालू करा आणि एखादा मुदत संपलेला रोल घालून पाच-सहा फ्रेमा वेगवेगळ्या ॲपर्चरला काढून परत वाचून बघा. लग्नाच्या रोलवर पहिला प्रयोग नको.

एमसी-३३ मिळालीच नाही तर? घरी तार बनवणारे लोक आहेत. एफ९०एक्स ची भाषा हौशी लोकांनी बरीच उलगडली आहे. १२०० बॉडच्या (सिरियल जोडणीचा वेग मोजण्याचे एकक) संथ वेगाने ओळखदेख होऊन पुढे वेग वाढतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवल्याशिवाय सोल्डरिंगची गन हातात घेऊ नका. संगणकाचा खरा सिरियल पोर्ट अधिक-उणे १२ व्होल्टपर्यंतच्या झोक्याने बोलतो आणि कॅमेरा ५ व्होल्टच्या लॉजिकने. दोन्हींच्या मधे पातळी बदलणारे सर्किट लागतेच. नऊ पिनांमधून तीन तारा काढून थेट दहा पिनांच्या सॉकेटला जोडल्या तर कॅमेऱ्याच्या आतला भाग जळतो, आणि तो भाग कुठे मिळत नाही. करायचेच असेल तर यूएसबी-टू-टीटीएल मॉड्यूल (यूएसबीतून थेट लॉजिकच्या पातळीचा सिरियल देणारे) घ्या आणि कॅमेऱ्याला लावण्यापूर्वी त्याच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनवरचा व्होल्टेज मोजा. प्लगसाठी स्वस्त रिमोट कापण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. त्या रिमोटच्या प्लगमध्ये बहुधा फोकस, शटर आणि ग्राउंड एवढ्या तीनच पिना भरलेल्या असतात, डेटाच्या जागा रिकाम्या. कापल्यावर कळण्यापेक्षा प्लगच्या तोंडात टॉर्च मारून आधी मोजा. सोल्डरिंगचा सराव नसेल तर या वाटेला न जाणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या कंपन्यांनीही पूर्वी हेच काम करणारी साधने काढली होती. ‘सॉफ्ट टॉक २०००’ हे सॉफ्टवेअर एफ५, एफ१०० आणि एफ९०एक्स शी बोलत असे. ‘मेटा३५’ हे त्याच्या पुष्कळ नंतरचे, यूएसबीचे छोटे यंत्र. ते कॅमेऱ्यातली नोंद काढून स्कॅन केलेल्या चित्रांच्या आत लिहूनही देते. जुन्या सामानाच्या जाहिरातींत मेटा३५ दिसले आणि त्यासोबत एफ१०० ची तार असल्याची खात्री झाली, तर एमसी-३३ पेक्षा मी त्याच्याकडे आधी वळेन. सिरियल पोर्ट, एक्सपी, व्हर्च्युअल मशीन, सगळी भानगड वाचते.

आणि वहीवाल्यांसाठी: वहीतली नोंद स्कॅनमध्ये उतरवायला एक्झिफटूल नावाचे मोफत साधन आहे. एक्सेलमध्ये एका ओळीत एक फ्रेम अशी यादी करायची, पहिल्या स्तंभात फायलीचे नाव (त्या स्तंभाचे शीर्षक इंग्रजी अक्षरांत ‘SourceFile’ असेच हवे), पुढे शटर, ॲपर्चर, आयएसओ, लेन्स. सीएसव्ही म्हणून साठवून एक्झिफटूलला दिली की सगळा रोल एका आदेशात भरतो. स्कॅनांची एक प्रत बाजूला ठेवूनच करा.

आता हार्डवेअर, जे तुमच्या प्रश्नात शेवटी आले पण खरे तर आधी लागणार आहे, कारण होल्डर नसेल तर कॅमेरा चालूच होणार नाही. एफ१०० चा चार पेन्सिल सेलांचा होल्डर म्हणजे एमएस-१२. एफ९० चा एमएस-८ दिसायला जवळचा, पण बसत नाही. एमएस-१२ सुटा मिळतो. नाही मिळाला तर दोन पर्याय आहेत. एमएस-१३ हा त्याच जागी बसणारा, दोन सीआर१२३ए लिथियम सेलांचा होल्डर. त्यात रिचार्जेबल १२३ सेल घालायचा मोह टाळा; त्यातले ३.७ व्होल्टचे सेल पूर्ण भरल्यावर ४.२ ला जातात, दोन मिळून ८.४ होतात आणि कॅमेऱ्याची अपेक्षा ६ ची असते. दुसरा पर्याय एमबी-१५ ही खालून लागणारी ग्रिप: सहा पेन्सिल सेल, सेकंदाला ४.५ ऐवजी ५ फ्रेम, आणि उभ्या फोटोसाठी वेगळे शटर. ती लावली की एमएस-१२ ची गरजच उरत नाही. मात्र ग्रिपच्या आत तिचा स्वतःचा होल्डर एमएस-१५ असतो. तो नसलेल्या ग्रिपी ‘उत्तम स्थितीत’ म्हणून सर्रास विकल्या जातात, तेव्हा आतला होल्डर बाहेर काढून त्याचा फोटो मागा.

तुमचा होल्डर नक्की कशामुळे गेला तेही बघा. प्लास्टिक मोडले असेल तर गेला. पण सेल फुटून पांढरे-हिरवे साचले असेल तर तो वाचतो: कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून पत्र्यावरचा क्षार विरघळवा, मग आयसोप्रोपिलने पुसून रात्रभर वाळू द्या. पत्र्याची स्प्रिंग सैल झाली असेल तर ती लाकडी टूथपिकने अलगद उचला.

दाराचा चिकटपणा हा या मॉडेलचा प्रसिद्ध रोग. रबरी लेपाचे रसायन काळाने सुटे होते, उष्णतेने लवकर होते, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीत आहेच. कपड्यावर थोडे आयसोप्रोपिल घेऊन पुसत जा, काळा चिकट थर निघत जातो आणि खालचे कडक प्लास्टिक उरते. थेट बाटलीतून ओतू नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्याने प्लास्टिकच विरघळते. दाराच्या कडेची कुलपाची प्लास्टिकची खुंटी तेवढ्यात तपासून घ्या. ती मोडली तर दार आपणहून उघडते आणि रोल जातो. असे झालेच तर लक्षात ठेवा की एफ१०० चे मागचे दार अख्खे निघते आणि त्या जागी एमएफ-२९ हा डेटा बॅक बसतो. तारीख छापायला तो कोणी घेत नाही, बाजारात पडून असतो, पण नुसते दार म्हणून उत्तम. त्या काळच्या बऱ्याच डेटा बॅकांचे कॅलेंडर २०१९ ला संपते. छापायचेच असेल तर वर्ष नसलेला, दिवस-तास-मिनिट असा नमुना निवडता येतो. दार उघडलेच आहे तर रोलच्या डबीत शिरणारा रिवाइंडचा काटाही बघा. आरंभीच्या एफ१०० मध्ये तो प्लास्टिकचा होता आणि रोल घाईने कोंबला की मोडायचा. नंतर धातूचा आला. तुमचा प्लास्टिकचा असेल तर डबी आधी काट्यावर अलगद बसवा, जोर देऊ नका.

रिमोट ही मात्र चिंता नाहीच. दहा पिनांचा हा सॉकेट निकॉनने डी२००, डी३००, डी७००, डी८०० पासून डी८५० पर्यंत ठेवला. एमसी-३० आणि एमसी-३६ दोन्ही चालतात, आणि त्यांच्या तिऱ्हाईत नकला काही शे रुपयांत नव्या मिळतात. साध्या कामाला नक्कल पुरे. फ्लॅशमध्ये उलटे आहे: नवा तो चांगला असे समजून एसबी-९०० किंवा एसबी-७०० घेतला तर फिल्म कॅमेऱ्याचे टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप आवरण्याची सोय) मिळत नाही. एसबी-२८, किंवा डिजिटल काळातले एसबी-८०० आणि एसबी-६०० घ्या.

कुठून घ्यायचे हे तुमच्या प्रवासावर अवलंबून आहे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात आणि दिल्लीत चांदणी चौकातल्या कूचा चौधरी मार्केटमध्ये जुन्या कॅमेऱ्यांचे सामान हाताळून घेता येते, आणि इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघालात तर सकाळी मुंबईत असता. जाताना बॉडी बरोबर न्या. होल्डर, ग्रिप आणि दार तिथल्या तिथे बसवून बघता येते. तिथे सुटे सुटे मागण्याआधी ‘पार्टसाठी एफ१०० ची बंद बॉडी आहे का’ असे विचारा. शटर गेलेल्या एका बॉडीतून होल्डर, दार, सॉकेटच्या टोप्या, फोकसिंग स्क्रीन, सगळे एकदम मिळते, आणि एकेक शोधण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते. फक्त बंद बॉडी घेताना होल्डर आत आहे ना ते उघडून बघा, कारण बंद बॉडीतून पहिली गायब होणारी वस्तू तीच.

केबल मात्र बहुधा परदेशातूनच मागवावी लागेल, जपानमधून जास्त करून. किमतीवर टपाल, सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क धरूनच हिशेब करा. विकणाऱ्याला ‘गिफ्ट’ असे लिहायला सांगू नका; ५००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, आणि चुकीच्या घोषणेने पार्सल अडकते. मागवायचेच तर एमसी-३३, एमएस-१२ आणि सीडी एकाच विक्रेत्याकडून एका पार्सलात जमतात का ते विचारा.

तुमच्या बॉडीच्या दहा पिनांच्या सॉकेटचा आणि तुटलेल्या होल्डरचा असे दोन फोटो, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता काढून इथेच टाका. सॉकेटमधली एखादी पिन आधीच वाकलेली असेल तर केबलवर एक रुपयाही घालण्याआधी ते कळायला हवे.